घोड्याचे केस, डुकराचे केस आणि आपली दाढी

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात मैत्रीवर लेख येतात, पहिल्या पावसावर कविता येतात, मेसच्या पोळीवर तर दरवर्षी काही ना काही येतंच. पण रोज सकाळी पहिल्या लेक्चरच्या आधी अर्धं बॉईज होस्टेल जी वस्तू तोंडावर फिरवतं, तिच्याबद्दल कोणी चार ओळी खरडलेल्या माझ्या तरी पाहण्यात नाहीत. ती वस्तू म्हणजे दाढीचा ब्रश! हसू नका. परीक्षेच्या काळात दाढी वाढवणारे आणि जन्मजात दाढी न उगवणारे सोडले, तर हा विषय सगळ्यांचाच आहे. सरांचाही आहे.

विषय सुचला तो एका मित्रामुळे. तो आपल्याच मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनचा. घरी कांदा-लसूण चालत नाही. बाजारात ब्रश घेताना त्याने दुकानदाराला विचारलं, "हे केस कशाचे आहेत?" दुकानदार शांतपणे म्हणाला, "ब्रशचे." आम्ही हसलो, पण मित्र हसला नाही. आमच्यासोबत मंगरूळपीरचा आणखी एक जण होता. त्याने ब्रश उलटा-पालटा करून पाहिला आणि हळूच विचारलं, "डुकराचे तर नाहीत ना?" या प्रश्नावर दुकानदाराने चष्मा काढून पुसला, पण उत्तर काही दिलं नाही. डब्यावर लिहिलं होतं 'प्रीमियम क्वालिटी'. आता प्रीमियम नावाचा प्राणी कोणत्या जंगलात राहतो, ते कोणत्याच पुस्तकात सापडत नाही.

म्हणजे बघा, एकाला जीवहत्या नको, दुसऱ्याला डुक्कर नको आणि माझ्यासारख्या तिसऱ्याला दाढी करताना आग व्हायला नको. तिघांचे प्रश्न वेगळे, पण उत्तर एकाच ठिकाणी दडलेलं, ब्रशच्या त्या दोन बोटं लांबीच्या केसांत. कोणाच्या धर्मात काय चालतं हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. कोणता केस कुठून येतो आणि तो तोंडावर कसा वागतो, एवढंच मी सांगू शकतो. बाकी ज्याचं त्याने ठरवावं.

आधी मुळात ब्रश लागतोच कशाला? स्टेशनकडच्या रस्त्यावर मी ज्यांच्याकडे केस कापतो त्या काकांना हे विचारलं. ते म्हणाले, "माह्या बापाच्या धोकटीत ब्रशच नोयता. वाटीतलं पानी घ्याचं न् बोटानं चोळत बसाचं. मंग वस्तरा." कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे 'धोकटी' हा शब्द मला त्यांच्याकडूनच कळला. वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, तुरटी, आरसा असं सगळं ठेवायची ती चामड्याची पिशवी. काकांच्या वडिलांना केमिस्ट्री येत नसेल, पण ते करत होते ते अगदी बरोबर होतं. दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो चिवट असतो, पण पाणी शोषलं की फुगतो आणि मऊ पडतो, मग पात्याला तो कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. हे व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. बोटाने चोळा नाहीतर ब्रशने, ती दोन-तीन मिनिटं द्यायलाच हवीत. घाईत पाण्याचा एक हबका मारून रेझर फिरवणाऱ्यांच्या मानेवर जे लाल पुरळ येतं, त्याचं मूळ बहुतेक वेळा पात्यात नसून या घाईत असतं.

ब्रश तीन कामं करतो. पाणी धरून ठेवतो, साबणात हवा मिसळून फेस करतो, आणि आडवे पडलेले केस उचलून त्यांच्या मुळापर्यंत फेस पोचवतो. आता ही तिन्ही कामं एकाच केसाला सारखी जमत नाहीत. खरी गंमत इथेच आहे.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'मधला कॅन्टिलिव्हर बीम आठवत असेल. एक टोक भिंतीत घट्ट, दुसरं मोकळं. ब्रशचा प्रत्येक केस म्हणजे असाच एक कॅन्टिलिव्हर. मुळाशी गोंदात पक्का बसवलेला आणि टोकाला मोकळा. टोकावर भार दिला की तो किती वाकेल, हे लांबीच्या घनावर आणि जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. म्हणजे एका केसाचा व्यास दुसऱ्याच्या दुप्पट असला, तर तो दुप्पट नाही, सोळापट ताठ! आणि ब्रशच्या केसांची मोकळी लांबी ५० मिलिमीटरऐवजी ६० केली, तर तेवढ्याच भाराला केस साधारण पावणेदोन पट जास्त वाकतो. ब्रश मऊ की कडक, हे फक्त प्राण्यावर ठरत नाही, लांबीवरही ठरतं. दुकानात 'हा फार कडक आहे' म्हणून आपण केसाला नावं ठेवतो, पण पुष्कळदा दोष आखूडपणाचा असतो. परीक्षेत पाच मार्कांना येणारं हे सूत्र बेसिनसमोरही उपयोगी पडतं, हे मला तरी आवडलं.

आता एकेक प्राणी घेऊ.

डुक्कर. स्वस्तातल्या 'नॅचरल' ब्रशमध्ये बहुतेक वेळा हेच केस असतात. परदेशी कंपन्या डब्यावर 'बोअर' लिहितात, त्यामुळे रानडुक्कर डोळ्यासमोर येतं, पण बहुतेक माल पाळीव डुकरांचाच असतो. हा केस मुळाशी जाड, टोकाकडे निमुळता, आणि टोकाला चक्क फाटलेला. एका केसाची दोन-तीन टोकं! झाडाची काडी चावून दातवण करतो तेव्हा तिच्या टोकाचा जसा कुंचला होतो, तसंच. ही फाटलेली टोकं फेस छान धरतात. शिवाय हा केस पाणी पितो आणि वापरता वापरता मऊ होत जातो. नवा असताना तो गालाला टोचतो, महिन्याभराने बरा वाटायला लागतो, आणि सहा महिन्यांनी तोच ब्रश सोडवत नाही. मात्र वापरण्याआधी पाच-सात मिनिटं पाण्यात भिजवून ठेवावा लागतो.

या केसांचा इतिहास मोठा आहे. ब्रिटिश काळात कानपूर हे डुकराचे केस साफ करून, लांबीप्रमाणे जुड्या बांधून परदेशी पाठवण्याचं मोठं ठिकाण होतं. उत्तर प्रदेशातच बिजनौर जिल्ह्यात शेरकोट नावाचं गाव आहे, तिथे आजही रंगाचे ब्रश घरोघरी बनतात. दुसऱ्या महायुद्धात तर चीनमधून हिमालयावरून विमानाने आसामकडे जो माल येई, त्यात टंगस्टनबरोबर डुकराचे केसही असत. लढाईच्या विमानांतून केस! कारण जहाजांना आणि तोफांना रंग लावायला ब्रश लागत. दात घासायचे ब्रशही तेव्हा याच केसांचे असत. ते तोंडात घालायचं म्हणून आपल्याकडे अनेक हिंदू आणि मुसलमान घरांत टूथब्रशच नको म्हणत. त्यामानाने दातवण बरं. म्हणजे मंगरूळपीरच्या मित्राने विचारलेला प्रश्न काही नवा नाही, आपल्या आजोबा-पणजोबांनीही तो विचारलेला आहे.

बॅजर. याच्यावर फार वेळ घालवत नाही. बिज्जूसारखा दिसणारा, बिळात राहणारा प्राणी. ब्रशसाठीचे त्याचे केस मुख्यतः चीनमधून येतात. केस मऊ, पाणी भरपूर धरणारे आणि महाग. टोक पांढरं, मध्ये काळा पट्टा, मूळ परत फिकट अशी त्याची ओळख. परदेशात हौशी लोक यालाच राजा मानतात. पण हे केस बॅजरला मारूनच मिळतात, हे घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. आपल्याकडे ईशान्य भारतात हॉग बॅजर आढळतो आणि तो संरक्षित प्राणी आहे. याच जातीचा दुसरा विषय मुंगसाचा. चित्रकलेचे उत्तम ब्रश म्हणून मुंगसाच्या केसांचे ब्रश वर्षानुवर्षं विकले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा व्यापार गुन्हा आहे आणि त्यासाठी दुकानांवर छापेही पडलेले आहेत. तेव्हा कोणी 'अस्सल मुंगूस' म्हणून काही दाखवलं, तर हात जोडून पुढे चालू लागावं. दाढीपायी कोर्टाची पायरी चढायला नको.

आता घोडा. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला.

घोड्याच्या केसांचे दाढीचे ब्रश स्पेनमध्ये आणि तुर्कस्तानात बरेच चालतात. आपल्याकडे दुकानात सहसा दिसत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात. यात केस दोन जागचे असतात, शेपटीचे आणि आयाळीचे. शेपटीचा केस जाड, ताठ आणि उसळी मारणारा. आयाळीचा बारीक आणि मऊ. दोन्ही मिसळून ब्रश बांधतात. शेपटी जास्त घातली की ब्रश कडक, आयाळ जास्त घातली की मऊ. म्हणजे ज्याला जसा हवा तसा ब्रश एकाच प्राण्यापासून होतो, ही सोय डुकरात नाही. ताठपणाला घोडा डुकराच्या खाली आणि बॅजरच्या वर बसतो. दोन मिनिटं भिजवला तरी पुरतो. झटकला की लवकर वाळतो. गालावर गोल गोल फिरवताना केस उचलण्याचं काम तो फार चांगलं करतो. मी एका सीनियरचा असा ब्रश धुऊन, उकडलेल्या पाण्याने विसळून (पुढे त्याचं कारण येईलच) हातावर फेस करून पाहिला. फेस डुकराच्या ब्रशइतकाच घट्ट, पण टोचणं निम्म्याहून कमी. एक दोष मात्र सांगतो. नवा ब्रश ओला झाला की वास येतो. कसा, ते ज्याने पावसात भिजलेल्या घोड्याशेजारी वरातीत नाच केला आहे त्याला सांगायला नको. दहा-बारा दिवस साबणाचा फेस करून वाळवत राहिलं की वास जातो.

उसळी मारण्याचा हा गुण फक्त दाढीवाल्यांनाच कळला आहे असं नाही. व्हायोलिनचा आणि सारंगीचा गज घोड्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. गॅदरिंगमध्ये जो तारेवरून सूर काढतो, तोच केस दुसऱ्या टोकाला बेसिनवर फेस काढतो.

आता शिरपूरच्या मित्राचा प्रश्न. घोड्याचा केस कापायला घोडा मारावा लागत नाही, हे खरं. आपण केस कापतो तसेच शेपटीचे आणि आयाळीचे केस कापता येतात आणि परत वाढतात. पुष्कळ विक्रेते जाहिरातीत हेच सांगतात. पण अर्धंच सांगतात. जगाच्या बाजारात येणाऱ्या घोड्याच्या केसांतला बराच माल कत्तलखान्यातूनही येतो, आणि ब्रशकडे बघून तो कोणत्या घोड्याचा, हे कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा 'घोडा म्हणजे अहिंसक ब्रश' असं डोळे मिटून म्हणता येत नाही. 'मारल्याशिवाय मिळू शकतो' आणि 'मारल्याशिवाय मिळाला' यात फरक आहे. मित्राला मी हे सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग नायलॉन." मंगरूळपीरच्या मित्राचा प्रश्न मात्र घोड्याने सुटतो, अट एवढीच की तो खरोखर घोडाच असला पाहिजे.

याच सुमारास आमच्या वर्गातल्या एका उत्साही माणसाच्या डोक्यात वेगळंच शिरलं. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. (आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव वेगळं, गफलत करू नका. बसमध्ये चुकीच्या गावाचं तिकीट काढणारे दरवर्षी निघतातच.) तिथे घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार असतो. त्याच महिन्यात तिकडे नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्ताच्या यात्रेत घोडेबाजार भरतो. उत्साही माणसाचा मामा वरातीच्या घोडीचा धंदा करतो. याचं म्हणणं, "मामाच्या घोडीच्या शेपटीचे केस आणू, पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यात एपॉक्सीने बसवू, झाला ब्रश! मिनी प्रोजेक्ट म्हणूनसुद्धा दाखवता येईल." कल्पना ऐकायला छान आहे. काकांना सांगितली तर ते कात्री थांबवून म्हणाले, "घोडीचे केस तोंडाले? काहून, तुयं लगन जमलं का?"

पण या कल्पनेला मी ठाम विरोध केला, आणि त्याचं कारण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. होस्टेलमध्ये कोणीही असा उद्योग करू नये म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

गुरांना, मेंढ्यांना आणि घोड्यांना काळपुळी नावाचा रोग होतो. इंग्रजीत ऍन्थ्रॅक्स. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ कोळसा. माणसाच्या कातडीला लागण झाली की फोड येतो आणि त्यावर काळी खपली धरते, म्हणून दोन्ही भाषांत नाव काळ्यावरूनच पडलं. रॉबर्ट कॉखने १८७६ मध्ये या जंतूचं जीवनचक्र उलगडून दाखवलं. त्याची वाईट खोड अशी, की परिस्थिती बिघडली की तो बीजाणू करून बसतो. हे बीजाणू मातीत, कातड्यात, केसांत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. नुसतं उन्हात वाळवून किंवा दोन मिनिटं गरम पाण्यात बुडवून ते मरतीलच असं नाही.

पहिल्या महायुद्धाच्या आधी ब्रशसाठी लागणारे प्राण्यांचे केस बरेचसे जर्मनी आणि फ्रान्समार्गे, तिथे साफ आणि निर्जंतुक होऊन, इंग्लंड-अमेरिकेत येत. १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि हा रस्ता बंद झाला. इकडे सैन्यात लाखो नवे जवान भरती झालेले. प्रत्येकाला दाढीचं सामान द्यायचं. शिवाय विषारी वायूचा मुखवटा तोंडावर घट्ट बसायचा तर गाल गुळगुळीत हवा. म्हणजे ब्रशची मागणी अचानक वाढलेली आणि चांगला माल बंद! मग चीन, सैबेरिया, जपान इथून थेट घोड्याचे केस येऊ लागले. काही तर ब्लीच करून, मध्ये काळा पट्टा रंगवून 'नकली बॅजर' म्हणून खपवले गेले. निर्जंतुक करण्याचं काम कोणी नीट केलं, कोणी केलंच नाही. पात्याने गालावर बारीकशी चीर पडते, तिच्यावरच हा ब्रश फिरणार. ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांना, साध्या नागरिकांनाही मानेवर, हनुवटीवर काळपुळी झाली, काही दगावले. शोध घेतला तर बोट नव्या ब्रशांकडे गेलं आणि ब्रशच्या केसांत जंतू सापडले. ब्रिटनने १९१९ मध्ये ऍन्थ्रॅक्स प्रतिबंधाचा कायदाच केला आणि १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

यात घोड्याचा काही दोष नव्हता, हे नीट लक्षात घ्या. दोष होता घाईत साफसफाई गाळण्याचा. आज नावाजलेल्या कारखान्यातला घोड्याचा ब्रश निर्जंतुक केलेल्या केसांचा असतो, त्याला घाबरण्याचं कारण नाही. पण मामाच्या घोडीची शेपटी कोणत्या कारखान्यातून आलेली नाही! बीजाणू खात्रीने मारायचे तर दाबाखालची वाफ लागते, १२१ अंश सेल्सिअस, किमान पंधरा मिनिटं. दवाखान्यातलं ऑटोक्लेव्ह हेच करतं. त्यातून घोड्याची लीद म्हटली की धनुर्वाताचे जंतू आलेच, आणि शेपटी लिदीपासून किती लांब असते ते आपण जाणताच. म्हणून घरगुती ब्रश बाद. त्याच न्यायाने आजोबांच्या किंवा कोणाच्या फौजी पणजोबांच्या ट्रंकेत सापडलेला जुना केसाळ ब्रशही आठवण म्हणून कपाटात ठेवावा, गालावर फिरवू नये. उत्साही माणसाने शेवटी मिनी प्रोजेक्टला पाण्याच्या टाकीची लेव्हल दाखवणारं सर्किट केलं. ते सगळेच करतात, पण निदान त्याने कोणाला काळपुळी होत नाही.

राहिला नायलॉन. वॉलेस कॅरोदर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत हा धागा शोधला, आणि १९३८ मध्ये त्याची पहिली वस्तू बाजारात आली ती काय असेल? साड्या नाहीत, मोजे नाहीत, तर टूथब्रशचे केस! डुकराच्या केसांना पहिला खरा पर्याय मिळाला तो तेव्हा. दाढीच्या ब्रशमध्ये मात्र नायलॉन बरीच वर्षं बदनाम राहिला. कारण जुना धागा मुळापासून टोकापर्यंत सारख्याच जाडीचा, टोक बोथट. पाणी धरत नाही, गालावर झाडू मारल्यासारखा लागतो. सलूनमध्ये जो रंगीत मुठीचा ब्रश दिसतो तो पुष्कळदा याच घराण्यातला. हल्लीचे चांगले सिंथेटिक ब्रश वेगळे. धागा बारीक असतो, टोक निमुळतं केलेलं असतं, आणि पीबीटीसारखं दुसरं प्लॅस्टिकही वापरतात. भिजवायला नको, वास नाही, साबण कमी लागतो, एका दिवसात खडखडीत वाळतो.

मग खरेदी करताना ओळखायचं कसं? दुकानदार 'ब्रशचे' म्हणाला तरी केस खोटं बोलत नाही. गळालेला एक केस घ्या, खोलीबाहेर मोकळ्या जागेत जा (वॉर्डन सरांनी माचिस पाहिली तर माझं नाव सांगू नका) आणि चिमट्यात धरून पेटवा. प्राण्याचा केस असेल तर डोक्याचे केस जळाल्यासारखा वास येईल आणि राख बोटाने चुरगळेल. नायलॉन असेल तर वितळून त्याचा कडक मणी होईल. पण घोडा की डुक्कर हे जाळून कळत नाही, दोघांचंही केराटिनच. त्यासाठी भिंग हवं. टोक फाटलेलं असेल तर डुक्कर, सरळ एकच टोक असेल तर बहुधा घोडा. 'बहुधा' म्हणतो, कारण दोन्ही मिसळलेले ब्रशही मिळतात. ज्याला या बाबतीत शंभर टक्के खात्री हवी, त्याने मण्यावरच थांबावं.

आता आपलं होस्टेल. वाशिम शहराला एकबुर्जी धरणाचं पाणी असलं, तरी आपण पडलो बोअरवाले. खाली सगळा काळा पाषाण, त्यात मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन वर येतं. अशा जड पाण्यात साबणाचा फेस होण्याआधी त्याचा साका होतो. बादलीच्या कडेला जो पांढरट चिकट थर दिसतो तोच. हा साका ब्रशच्या मुळाशी जाऊन बसतो, आणि गाठीजवळ केस तुटायला लागतात. दाट केसांच्या ब्रशमध्ये तो जास्त अडकतो, म्हणून आपल्याकडे बॅजर नकोच. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर किंवा लिंबू पिळून ब्रश दहा मिनिटं बुडवला की साका सुटतो. मेसमधून लिंबू मिळवण्याची जबाबदारी ज्याची त्याची. पावसाळ्यात गच्चीवरच्या पाइपाचं पाणी मगभर धरून त्यात फेस करून पाहा. त्याच ब्रशचा, त्याच साबणाचा फेस दुप्पट होतो. तेव्हा ब्रशला शिव्या देण्याआधी पाण्याकडे बघावं.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्या बेसिनजवळ ऊन येत नाही, खोलीत तिघं, आणि ओला ब्रश मगात तसाच टाकून सगळे लेक्चरला पळतात. प्राण्याचा केस असा कोंडून ठेवला की आधी वास, मग बुरशी. घोड्याचा ब्रश घ्यायचा असेल तर ज्याच्या खिडकीला जाळी आहे आणि ज्याला रोज ब्रश झटकून टांगायची शिस्त आहे, त्याने जरूर घ्यावा. पैसे वसूल होतील. ज्याचा टॉवेलसुद्धा रविवारीच वाळतो त्याने सिंथेटिकच घ्यावा. मी स्वतः फर्स्ट इयरच्या पोरांना सिंथेटिकच सांगतो, आणि सरांना घोडा. सरांच्या घरी ऊन येतं.

आणि ब्रश कोणताही असो, एकाचा एकच. आपल्या मजल्यावर एक ब्रश चार जण वापरतात हे मला माहीत आहे, नावं लिहीत नाही. पात्याचं तर बोलायलाच नको. रक्ताचा एक न दिसणारा थेंबही कावीळ बी किंवा सी आणि एचआयव्हीला पुरतो. ब्रशवरून निदान दाढीचा नायटा आणि पू होणारे फोड तरी नक्की फिरतात. सलूनमध्येही 'काका, नवीन पातं' असं म्हणायला आपण लाजत नाही, तसंच 'ब्रश गरम पाण्याने धुऊन घ्या' म्हणायलाही लाजू नये. माझे काका तर आता हातानेच फेस लावतात. वडिलांसारखंच, फक्त वाटीतल्या पाण्याऐवजी ट्यूबमधलं क्रीम.

शेवटी टांगण्याबद्दल. केस खाली, मूठ वर असा ब्रश टांगला की पाणी गाठीत मुरत नाही. स्टँड विकत घ्यायची गरज नाही. खिडकीच्या जाळीला एसटीडी बूथच्या जमान्यातल्या कोणत्याही जुन्या वायरचा आकडा करून अडकवला तरी चालतो. रोज एक-दोन केस गळणं पहिल्या महिन्यात साहजिक आहे. त्यानंतरही गळत राहिले तर गाठ सैल झाली समजा. अख्खी गाठच मुठीतून निसटली तर ब्रश फेकू नका. आतला साबण खरवडून काढा, दोन दिवस वाळू द्या, वर्कशॉपमधल्या अटेंडंट मामांकडून एपॉक्सीचे दोन थेंब मागून आणा आणि गाठ सरळ बसवून चोवीस तास हात लावू नका. मूठ जरा तिरकी बसली तरी फेस सरळच होतो.